हेड का वाकले?

मोटारसायकलच्या इंजिनात एक लोखंडी नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या वरखाली होतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तिथे पेटते. त्या जोराने गाडी चालते. सिलिंडरच्या डोक्यावर एक जाड झाकण आवळून बसवलेले असते. मिस्त्री लोक त्याला 'हेड' म्हणतात.

घरचा कुकर आठवा. झाकणाचे रबर सैल झाले, की बाजूने वाफ निघते आणि डाळ शिजत नाही. हेडचेही तसेच आहे. ते नीट बसले नाही, की दाब बाहेर जातो आणि गाडीतला जोर संपतो.

माझ्या घरी वडिलांनी १९६८ साली घेतलेली जावा गाडी आहे. जावा मूळची चेकोस्लोव्हाकिया देशातली. आपल्याकडे ती १९६१ पासून मैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७३ पासून तिथल्या गाडीला येझदी नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा नावाची नवी गाडी आली. पण तिचे हेड जुन्या गाडीला बसत नाही. म्हणून जुने हेड जपावे लागते.

२०१९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी या गाडीवर अमरावतीहून अकोल्याला निघालो. ऊन मी म्हणत होते. मूर्तिजापूरच्या पुढे गाडीचा जोर कमी झाला. हेडखालून फुसफुस आवाज येऊ लागला. मी गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी केली. जवळ पाना होता. इंजिन चांगलेच तापले होते. तरी मी एक नट कचकचून आवळला, मग त्याच्या शेजारचा. आवाज थांबला तर नाहीच, उलट वाढला. शेवटी गाडी टेम्पोत घालून अकोल्याला न्यावी लागली.

भाचा म्हणाला, "मामा, आता हिला भंगारात द्या. हेड कुठं मिळणार?" माझाही धीर सुटला होता. पण मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, घाई करू नका. आंधी इंजिन थंडं होऊ द्या. मंग पाहू, हेड काऊन बिघडलं ते."

मी जन्मभर मुलांना 'कारणे द्या' हा प्रश्न घातला. त्या दिवशी मिस्त्रींनी तोच प्रश्न मला घातला.

कारणे दोन निघाली. हेडच्या अंगावर पातळ पट्ट्या असतात. त्यांमधून वारा जातो आणि हेड थंड राहते. माझ्या गाडीच्या पट्ट्यांत वावरातली काळी माती वाळून घट्ट बसली होती. वाऱ्याला वाटच नव्हती. म्हणून हेड फार तापले. हे पहिले कारण.

दुसरे कारण म्हणजे माझा पाना. हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. शिवाय ते नरम असते. तापलेल्या हेडची एकच बाजू आवळली, म्हणून ते वाकले. चूक माझीच होती.

मग मिस्त्रींनी काम सुरू केले. सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने ढिले केले. हेड काढले. आतली काजळी लाकडाच्या पट्टीने खरवडली. लोखंडी हत्याराने हेडला ओरखडे पडतात. पुढे हेड रॉकेलने धुऊन कोरडे पुसले आणि त्यावर खडूची पूड टाकली. तडा असेल, तर त्यात शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि खडूवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

नंतर हेड जाड, सपाट काचेवर ठेवले. एका बाजूला वहीच्या कागदाएवढी फट दिसली. मिस्त्रींनी काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरला. त्यावर हेड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत घासले. सगळीकडे सारखी चमक येताच हात थांबवला. जास्त घासले, तर आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि इंजिन ठोके देते.

शेवटी हेड बसवले. नट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले. गाडी थोडी चालवून, पुन्हा पूर्ण थंड करून, नट एकदा तपासले. गाडी आजही चालते.

दर वेळी हेड वाचेलच असे नाही. तडा आतल्या पेटण्याच्या जागेतून गेला असेल, तर हेड बदलणेच बरे. ॲल्युमिनियमला वेल्डिंग होते, पण त्या उष्णतेने हेड पुन्हा वाकू शकते. मग ते लेथवर सपाट करावे लागते. बुलेटसारख्या गाडीच्या हेडमध्ये व्हॉल्व्हही असतात. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

माझे हेड वाचले. पण मी नवे हेड आणले असते आणि पट्ट्यांतली माती तशीच ठेवली असती, तर तेही तापून बिघडले असते. वस्तू बदलण्याआधी कारण शोधावे.

लक्षात ठेवा

१. तापलेल्या हेडच्या नटाला पाना लावू नका.
२. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.
३. हेडच्या पट्ट्यांत चिखल साचू देऊ नका.
४. हेडखाली पॅकिंग असेल, तर ते नवे घाला.

प्रश्न

१. हेड वाकण्याची दोन कारणे कोणती?
२. खडूच्या पुडीचा उपयोग काय झाला?
३. हेड जास्त का घासू नये?
४. तुमच्या घरची एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडते का? तिचे कारण शोधा आणि चार ओळी लिहा.