पन्हाळा ते विशाळगड : एका वाटेचा अभ्यास

इतिहासाच्या पुस्तकांत पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंतचा प्रवास दहा-बारा ओळींत संपतो. त्या ओळी वाचावयास आम्हांस कधीं पांच मिनिटांहून अधिक वेळ लागला नव्हता. यंदाच्या आषाढांत मात्र आमच्या वर्गानें त्या पायांनीं वाचावयाचें ठरविलें, आणि त्यास तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आम्ही काय शिकलों, तें शाळेंतील धाकट्या बंधुभगिनींस व पालकांस कळावें म्हणून हा लेख.

प्रथम पन्हाळ्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. शिलाहार राजा दुसरा भोज ह्यानें बाराव्या शतकांत हा गड वसविला. गडावरील अंबरखाना, म्हणजे धान्याचीं प्रचंड कोठारें, आजही उभा आहे. गंगा, यमुना व सरस्वती अशीं त्या कोठारांचीं नांवें. तीं पाहिलीं म्हणजे महिनोगणती वेढा सोसण्याची गडाची शक्ति कशांत होती, हें ध्यानांत येतें. तटबंदी मात्र अनेक ठिकाणीं ढांसळलेली आहे. हें सारें काळानें केलें असेल, अशी आमची समजूत होती. परंतु १८४४ सालीं गडकऱ्यांचें बंड मोडल्यावर इंग्रजांनीं येथील तट व दरवाजे हेतुपुरस्सर पाडले, असें गुरुजींनीं सांगितलें. पडक्या भिंतीसही इतिहास असतो, तो विचारावा लागतो. हा आमचा पहिला धडा.

१६५९ च्या नोव्हेंबरांत, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनीं, शिवाजी महाराजांनीं पन्हाळा घेतला. पुढें १६६० च्या मार्चांत सिद्दी जौहरानें त्यास वेढा घातला. राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनींही तोफा आणून त्यास साहाय्य केलें. पाऊस लागला म्हणजे वेढा ढिला पडेल, ही आशा फोल ठरली. तेव्हां १२ जुलैच्या रात्रीं महाराज निवडक मावळ्यांसह निसटले. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखींतून गेला व त्यानें प्राण देऊन शत्रूस गुंतविलें, असें परंपरा सांगते.

त्याच दिशेनें आम्ही सकाळीं निघालों. वाट वळणावळणांची, पन्नासाहून अधिक किलोमीटरांची. म्हाळुंगे मागें टाकून आम्ही मसाईच्या पठारावर चढलों. जांभ्या दगडाचें हें सपाट पठार दूरवर पसरलें आहे. त्यावर आडोसा नाहीं, आणि पाऊस समोरून तोंडावर येतो. धुकें असें दाट कीं, दहा पावलांवरचा सोबती दिसेना. पठार उतरल्यावर भातखाचरांचे बांध, तांबडा चिखल आणि ओढ्यांमागून ओढे. आमच्या पाठीवर डबे, कपडे, पुस्तकें, फळांच्या पिशव्या असें बेसुमार ओझें होतें. दुपारपासून तें पावसानें भिजून दुप्पट झालें.

खोतवाडीच्या पुढें एका निसरड्या उतारावर आमचा एक सोबती घसरला व त्याचा घोटा सुजला. तो म्हणाला, "मला जवळच्या घरीं ठेवा आणि तुम्ही पुढें जा." कित्येकांस तें पटलें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. गुरुजी म्हणाले, "निर्णय तुम्हींच करा." क्षणभर कोणी बोलेना. मग एकानें वेळूची काठी आणली, दुसऱ्यानें घोंगडें सोडलें, आणि आम्हीं त्याची झोळी केली. चौघे उचलीत, बाकीचे त्यांचें ओझें घेत, शंभर पावलांवर खांदे बदलीत. करपेवाडी तेथून तीन किलोमीटरही नसेल. पण पोहोंचावयास अडीच तास लागले.

ज्या घरीं आम्हांस आसरा मिळाला, तेथील आजींनीं चुलीपाशीं बसवून नाचणीची भाकरी व झुणका वाढला. आमच्या पिशव्यांकडे पाहून त्या म्हणाल्या, "लेकरांनो, ह्या वाटंला एवढं वझं कशाला आणलंसा? पावसाच्या वाटंला हलका माणूसच टिकतो."

त्या रात्रीं गुरुजींनीं आम्हांस दुसऱ्या एका प्रवासाची हकीकत सांगितली. विशाळगडास पूर्वीं खेळणा म्हणत. १७०२ च्या जून महिन्यांत औरंगजेब बादशहानें तो गड अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर, तोही पैसा देऊन, मिळविला व भर पावसांत तो पन्हाळ्याकडे परतला. म्हणजे मुलूख हाच, ऋतुही हाच, फक्त दिशा उलट. हत्ती, उंट, तंबू व तोफा ह्यांसह तें सुमारें तीस मैलांचें अंतर तोडावयास बादशाही फौजेस अडतीस दिवस लागले. महाराजांस एक रात्र व दुसरा दिवस पुरला होता. त्याहीपूर्वीं, १४५३ सालीं, खेळण्यावर चालून आलेली बहामनी फौज ह्याच रानांत अडकून नाश पावली. डोंगर व पाऊस कोणाच्याच पक्षाचे नसतात. ज्यास वाट ठाऊक आहे व ज्याचें ओझें हलकें आहे, त्यालाच ते वाट देतात.

दुसऱ्या दिवशीं आमचा सोबती एका गुरुजींबरोबर सडकेनें गाडींतून पांढरेपाणी येथें आला, आणि उरलेले आम्ही निम्मीं ओझीं आजींच्या घरीं ठेवून पायवाटेनें तेथें पोहोंचलों. तेथून पुढें ती प्रसिद्ध खिंड. पूर्वीं तिला घोडखिंड म्हणत. आतां पावनखिंड म्हणतात. दोहों बाजूंस कडे, मधून कासारीचें फेंसाळ पाणी. मूठभर माणसें मोठ्या फौजेस तेथें कशी अडवूं शकलीं, हें समजण्यास मग व्याख्यानाची गरज उरली नाहीं. बाजीप्रभु देशपांडे व हिरडस मावळांतील बांदलांचे मावळे १३ जुलैस येथें लढले व पडले. महाराज गडावर पोहोंचल्याच्या तोफा ऐकूनच बाजींनीं प्राण सोडला, ही कथा परंपरेनें आपल्यापर्यंत आली आहे.

तिसऱ्या दिवशीं गजापुरावरून आम्ही विशाळगड चढलों. महाराज पोहोंचले तेव्हां ह्या गडासही सुर्वे व दळवी ह्यांचा वेढा होता. तो फोडूनच त्यांस वर जावें लागलें. गडावर बाजीप्रभु व फुलाजीप्रभु ह्या बंधूंच्या समाध्या आहेत. तेथें आमचा लंगडणारा सोबती हळूच म्हणाला, "पालखी वाहणाऱ्यांचीं नांवें कोठें लिहिलीं आहेत?" आम्हीं इकडेतिकडे पाहिलें, तीं कोठेंच नव्हतीं. एक रात्र झोळी वाहिलेल्या आमच्या खांद्यांस तो प्रश्न चांगला समजला.

२०२५ सालच्या जुलैंत युनेस्कोनें ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत पन्हाळा आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु दोन गडांमधील ही वाट, तिच्यावरचीं खेडीं व तेथील माणसें हाही त्याच वारशाचा भाग आहे. पुढील वर्षीं जाणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें : ओझें थोडें न्या, वाटेवर कचरा टाकूं नका, गडाच्या दगडावर आपलें नांव कोरूं नका, आणि जो सर्वांत मागें असेल त्याच्या गतीनें चाला. येतांना आम्ही करपेवाडीस आमचे डबे घ्यावयास थांबलों. आजींनीं ते घासूनपुसून रांगेंत मांडून ठेवले होते.