भंगारातला मागचा एक्सल : ओळख, तपासणी आणि दुरुस्ती



लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, ठिबक हे या सदरातले नेहमीचे विषय. या खेपेला थोडा वेगळा विषय घेतो, कारण तसा प्रसंग घडला. आपल्या एका सभासदाने जुन्या जीपसाठी भंगार बाजारातून मागचा एक्सल आणला. विकणाऱ्याने सांगितले, "साहेब, लॉकवाला माल आहे. एक चाक चिखलात फिरलं तरी दुसरं गाडी काढणार." एक्सल बसवला. पहिल्या पावसात पाटाकडेच्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून गाडी काढली, ती निघालीही. पण तशीच फोर-व्हीलमध्ये डांबरीवरून घरी आणताना प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला आणि ट्रान्सफर केसचे दातही गेले. उघडून पाहिले तर पुढच्या आणि मागच्या एक्सलची दातांची पटच वेगळी! स्वस्तात घेतलेला एक्सल दोन एक्सलच्या भावात पडला.

मी मिस्त्री नव्हे. पण शेतकी खात्याच्या नोकरीत वीस वर्षे जीपनेच शिवार फिरलो आहे, आणि कारखान्याच्या गॅरेजमध्ये बसून बऱ्याच गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या आधारे ही माहिती देतो.

हा एक्सल वेगळा कशाने?

नांगराला जुंपलेली बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. ओढ जुवाच्या मधोमध असते. एक बैल घसरला, त्याने जोर सोडला, की जू त्याच्या बाजूला फिरते आणि दुसरा बैल कितीही ताकदीचा असला तरी नांगर पुढे सरकत नाही. साधे डिफरन्शियल असेच आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलातल्या चाकाला दहा किलोचीच पकड असेल, तर कोरड्यातल्या चाकालाही दहा किलोचाच जोर मिळतो. म्हणून एक चाक गरागरा फिरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते.

ट्रॅक्टरला यासाठी डिफरन्शियल लॉकचे पेडल असते, ते आपल्या सर्वांच्या पायाखालचे आहे. पेडल दाबले की दोन्ही चाके एक होतात. लिमिटेड-स्लिप हा यातला मधला मार्ग. यात बाजूच्या दोन्ही गिअरांच्या मागे क्लचसारख्या पातळ प्लेटा असतात. गाडीचा जोर आला की प्लेटा दाबल्या जातात आणि घसरणाऱ्या चाकाचा काही जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. वळणावर मात्र प्लेटा थोड्या घसरतात, त्यामुळे गाडी वळू शकते. अमेरिकेत १९५६ साली पॅकार्ड मोटारीला डाना कंपनीचा असा डिफरन्शियल बसला. पुढे पॉवर-लॉक आणि ट्रॅक-लॉक या नावांनी तो जीपच्या एक्सलमध्येही आला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१५ साली थार गाडीला ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक आला, तो निराळा. त्यात दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की वजनाची कळ सुटते आणि लॉक पूर्ण लागतो. हाताने हळू फिरवून तो ओळखता येत नाही. खालची माहिती प्लेटांच्या लिमिटेड-स्लिपची आहे.

विकत घेण्यापूर्वी : पाच तपासण्या

१) *आकडा आणि माप.* जुन्या महिंद्रा जीपचा मागचा एक्सल स्पायसर ४४ घराण्यातला. हौसिंगच्या ओतीव भागावर ४४ हा आकडा उठलेला असतो. माती आणि ग्रीस तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय तो दिसत नाही. नंतर टेप लावा. चाकापासून चाकापर्यंतचे अंतर, पाट्यांच्या बैठकीचे अंतर, ब्रेक ड्रम, चाकाचे बोल्ट, सगळे आपल्या गाडीच्या एक्सलशी ताडून पाहा. जुन्या जीपमध्ये मधला फुगीर गोळा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसचा शाफ्टही त्याच बाजूने येतो. मधोमध गोळा असलेला एक्सल कितीही चांगला असला तरी तो आपल्या कामाचा नाही. शाफ्ट तिरका बसेल आणि क्रॉस खात राहील.

२) *दातांची पट.* क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे पट. ४३ ला ८ म्हणजे ५.३८. ३९ ला ८ म्हणजे ४.८८. पुढच्या आणि मागच्या एक्सलची पट एकच पाहिजे. ५.३८ च्या जोडीला ४.८८ बसवला तर दर शंभर मीटरला जवळजवळ दहा मीटरचा फरक पडतो. चिखलात चाके घसरून तो फरक निघून जातो. डांबरीवर घसरायला जागा नाही, मग शाफ्ट आणि दात मोडतात. वर सांगितलेल्या सभासदाचे हेच झाले.

झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर पट लिहिलेली असते. तिच्यावर विसंबू नका. आतला क्राऊन-पिनियन कुणी कधी बदलला, हे पट्टीला ठाऊक नसते. त्यापेक्षा खडूने खूण करा. दोन्ही चाके एका दिशेने बरोबर आठ फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लॅंजचे फेरे मोजा. ४३ भरले तर ५.३८, ३९ भरले तर ४.८८. मुलालाही जमेल असा हिशेब आहे.

३) *चाक फिरवून पाहणे.* एक्सल दोन ठोकळ्यांवर अधांतरी ठेवा. एका बाजूचा ड्रम हाताने फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरी बाजू उलट फिरते. लिमिटेड-स्लिपमध्ये दोन्ही बाजू एकाच दिशेने फिरतात आणि पिनियनही सोबत फिरतो. पण इथे दोन फसगती आहेत. प्लेटा पार झिजलेल्या असतील तर लिमिटेड-स्लिपही साध्यासारखाच वागतो. आणि कुणी स्टार पिनियन वेल्डिंग करून बसवले असतील, तरीही दोन्ही चाके एका दिशेने फिरतात!

४) *एक बाजू धरून पाहणे.* म्हणून आता एक बाजू पक्की अडकवा आणि दुसरी लांब पहारीने फिरवा. जोर लावल्यावर घट्ट, एकसारखी घसरत फिरली, तर प्लेटा जिवंत आहेत. झटके देत फिरली तर प्लेटा किंवा तेल खराब. अजिबात हललीच नाही तर वेल्डिंगचा संशय घ्या. वेल्डिंगचा एक्सल रस्त्यावर वळत नाही, टायर खातो आणि शेवटी एक्सल शाफ्ट मोडतो. असला माल फुकट मिळाला तरी नको.

५) *झाकण उघडणे.* विकणारा झाकण उघडू देत नसेल तर तिथून निघा. तेल ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे, बेअरिंगवर गंज असणार. तळाला लोखंडाचा बारीक कीस थोडा असतोच, पण दाताचे तुकडे सापडले तर सौदा नको. क्राऊनचा एकेक दात बोटाने चाचपा. टोक उडालेला किंवा खड्डे पडलेला दात चालत नाही.

पावती घ्या आणि ती जपून ठेवा. चोरीच्या गाडीचा सुटा भाग घरात आला तर नस्ता ताप होतो. गाडीच्या मूळ बनावटीत बदल होत असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारा.

दुरुस्ती

घरी आणल्यावर आधी हौसिंगची नळी वाकली आहे का ते बघा. दोन्ही चाके बसवा. चाकांच्या मध्याच्या उंचीवर पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर मोजा. एक्सल शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. फरक चाकाबरोबर फिरला तर रिम किंवा शाफ्ट वाकडा. जागेवरच राहिला तर नळी वाकडी, ती जाणकाराला दाखवा.

खोलताना दोन नियम. पहिला, बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशा पंचने खुणा करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. दुसरा, क्राऊन आणि पिनियन ही एकत्र घासलेली जोडी असते. एक जुना, एक नवा असे कधीही करू नका. केस दोन तुकड्यांची असेल तर दोन्ही तुकड्यांवर जुळती खूण करूनच सोडा.

प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवा, डाव्या वेगळ्या आणि उजव्या वेगळ्या. काही प्लेटांना बाहेरून कान असतात, ते केसमध्ये अडकतात. काहींना आतून दात असतात, ते गिअरवर बसतात. निळ्या-काळ्या पडलेल्या, खाचा बुजलेल्या, कान मोडलेल्या प्लेटा टाकून द्या. बशीसारख्या स्प्रिंगला चीर आहे का ते उन्हात धरून पाहा. बदलायच्या तर दोन्ही बाजूंचा संपूर्ण संच बदला. एक बाजू नवी आणि एक जुनी म्हणजे पुन्हा जोडीतला एक बैल अधू. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी लिमिटेड-स्लिपच्या तेलात अर्धा तास तरी भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात.

बेअरिंग, ऑईल सील आणि क्राऊनचे बोल्ट नवीन घ्या. इथे चार पैसे वाचवू नका. क्राऊन-पिनियनमधला प्ले डायल गेजवर साधारण ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर यावा. हे शिम लावण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. दातांवर शेंदूर तेलात कालवून लावायला सांगा आणि क्राऊन फिरवून पाहा. घासल्याचा ठसा दाताच्या मध्यावर उठला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उठला तर शिम बदलावी लागेल. शेंदुरात शिसे असते, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

तेल भरताना डब्यावर लिमिटेड-स्लिपसाठी असल्याचे वाचून घ्या, किंवा त्यासाठीचे वेगळे औषध गिअर तेलात मिसळा. नुसते साधे ९० नंबरचे तेल घातले तर वळणावर मागून थरथर आणि कडकड येते. तेल भरायच्या भोकाच्या कडेला लागेपर्यंतच भरा. सव्वा लिटरच्या आसपास बसते. हौसिंगवरची हवा जायची बारीक नळी साफ करा. ती तुंबली की गरम एक्सल पाटाच्या थंड पाण्यात उतरताच सीलमधून पाणी आत ओढतो. या भोकाला रबरी नळी जोडून तिचे तोंड वर चेसीला बांधा.

बसवल्यावर प्लेटांची ताकद मोजता येते. पुढची चाके दगडाने अडवा, गिअर न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक सोडा, एकच मागचे चाक उचला. त्या चाकाच्या नटांना पहार उभी बांधा, मध्यापासून एक मीटरवर ताणकाटा लावून आडवा ओढा. चार किलोच्या आतच चाक फिरू लागले तर प्लेटांत दम नाही असे समजा.

जिवाशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी आमच्या खात्याच्या जीपचा मागून आवाज येत होता. एकच चाक जॅकवर उचलून ड्रायव्हरने इंजिन चालू केले आणि गिअर टाकला. साध्या एक्सलमध्ये नुसते उचललेले चाक फिरेल या समजुतीत आम्ही सगळे होतो, मीसुद्धा. पण एक्सल लिमिटेड-स्लिप होता. जमिनीवरच्या चाकाने गाडी ढकलली, जीप जॅकवरून उडाली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. गाडीखाली झोपून आवाज ऐकणारा मदतनीस मुलगा मिनिटभरापूर्वी बॅटरी आणायला बाहेर आला होता, म्हणून वाचला. तो दिवस मी विसरलेलो नाही. गाडी उभी करण्याचा हुकूम माझा होता.

म्हणून, लिमिटेड-स्लिपची गाडी एका चाकावर उचलून गिअरमध्ये कधीही चालवू नका. चालवायचीच तर दोन्ही मागची चाके उचला, एक्सलखाली पक्के स्टँड द्या, पुढची चाके अडवा, आणि गाडीखाली कुणीही नको.

आणखी एक. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळीच. साध्या एक्सलमध्ये एक मागचे चाक उचलले तरी तेच. एक्सल काढताना चारी बाजूंनी दगड लावल्याखेरीज पाना हातात घेऊ नका.

अपेक्षा किती ठेवायची?

लिमिटेड-स्लिप म्हणजे जादू नव्हे. एक चाक पूर्ण अधांतरी झाले तर प्लेटांना जोर मिळत नाही. अशा वेळी पायाचा ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर द्या, दुसरे चाक धरते. आणि निसरड्या उतारावर सावध राहा, कारण इथे दोन्ही चाके एकदम सुटून गाडीची शेपटी आडवी जाऊ शकते. दोन्ही मागच्या टायरांची झीज सारखी ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात.

थोडक्यात, आकडा घासून वाचा, फेरे मोजा, चाक धरून पाहा, झाकण उघडा, मग पैसे मोजा. बेणे घेताना आपण कांडी कापून आत रंगलेली आहे का ते बघतो. लोखंड घेतानाही तसेच बघावे. कुणाला शंका असेल त्यांनी एक्सल विकत घेण्यापूर्वी आपल्या गट ऑफिसला निरोप द्यावा. घेतल्यानंतर आलात तर सल्ला देण्यापलीकडे आमच्या हाती काही राहत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी