जमीन विकून परमिट रूम काढू नका

जून उजाडला की करिअर समुपदेशकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून आला आहे, कुणाच्या हाताखाली राबायची त्याची तयारी नाही. हायवेला लागून जागा आहे. दोन एकर काढले तर परमिट रूम उभी राहील का? विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. मुलाला लाउंज हवा असतो, जमलं तर हुक्क्यासकट.

हुक्क्याचं आधी. मुंबईत कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जीव गेले आणि तपासात बोट हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे गेलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लर चालवणं हाच गुन्हा ठरवला. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. ‘शहरात सगळीकडे चालतं’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

परमिट रूम कायदेशीर आहे, पण तिचा पाया समजून घ्यायला हवा. राज्यात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. दारू विकणं, बाळगणं, पिणं हे सगळं परवान्यापुरतंच मोकळं आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. बसून पिण्याच्या जागेला एफएल-३ परवाना हवा. त्यासाठी शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजलं जातं. शिवाय अन्न परवाना, दुकाने-आस्थापना नोंदणी, अग्निशमनची ना-हरकत हे आलंच. परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि नोकराच्या चुकीचा जाबही परवानाधारकालाच द्यावा लागतो. दारूचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्येच स्पष्ट केलं आहे. सातबारा घरच्यांच्या नावावर असतो. परवाना मात्र सरकारने मुदतीपुरती दिलेली मुभा असते.

ही मुभा कशी जाते ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. अंमल १ एप्रिल २०१७ पासून होता. आदल्या दिवशीच्या स्पष्टीकरणात बार आणि हॉटेलंही त्यात आली, लहान गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं. पुढे शहरांच्या हद्दीत सवलत मिळाली, तरी ‘हायवे टच’ म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या जागांवरचे कित्येक बार तोवर बंद पडून होते. चंद्रपुरात तर १ एप्रिल २०१५ पासून अख्ख्या जिल्ह्यातच दारूबंदी झाली. ती उठली २०२१ मध्ये. कर्जाचे हप्ते सहा वर्षं थांबत नाहीत. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आजही आहे. गावपातळीवर दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं ‘आडवी बाटली’ मतदान आहेच. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. त्या गावातल्या बायकांनी घरातली मारझोड सोसून ते मत दिलेलं असतं. आपल्या मुलाने कोणत्या बाजूला उभं राहायचं, हाही प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.

मग या क्षेत्रात मुलांनी जाऊच नये का? जावं, पण मालक म्हणून सुरुवात करू नये. चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या बारमध्ये नोकरनाम्यावर, म्हणजे परवानाधारकाचा अधिकृत नोकर म्हणून, काम करावं, ब्रँडनिहाय साठ्याची नोंदवही स्वतः लिहावी, तपासणीला आलेल्या निरीक्षकाला उत्तरं द्यावीत.

आणि एक वाट जवळपास कुणीच सुचवत नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करून उत्पादन शुल्काच्या कायद्यात काम करायचं. परवान्याचे अर्ज, हस्तांतरण, भागीदार बदल, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आयुक्तांकडे अपील हे सगळं बार, हॉटेलं, नाशिकच्या वायनरी यांना सतत लागतं. आज ही कामं बऱ्याच ठिकाणी कायदा न शिकलेले एजंट करतात, त्यामुळे मन लावून शिकलेल्या मुलाला इथे जागा आहे. ज्याला सरकारी बाजू हवी त्याने एमपीएससीतून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दुय्यम निरीक्षक पदाची तयारी करावी. पदवी पुरते, शारीरिक पात्रता मात्र लागते. या दोन्ही वाटांना एक गुंठाही विकावा लागत नाही.

राहिल्या मुली. ‘बारमध्ये मुलगी नको’ म्हणून हॉटेल मॅनेजमेंट झालेल्या मुलीला घरी बसवणाऱ्या पालकांनी अनुज गर्ग खटला माहीत करून घ्यावा. पंजाब उत्पादन शुल्क कायद्यातल्या, दिल्लीतही लागू असलेल्या तरतुदीने मद्यालयात स्त्रियांना नोकरीच नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द ठरवली. तिचं काम हिरावून घेण्यापेक्षा तिला सुरक्षित ठेवणं हे राज्याचं कर्तव्य, असा त्या निकालाचा रोख आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि संरक्षणाची, घरी पोहोचवण्याची सोय मालकाला करावी लागते. मुलीला नोकरी लागताना पालकांनी मालकाला विचारायचं ते या सोयीबद्दल.