जुनी गाडी बदलताना : लहान मोटार घ्यावी की एसयूव्ही?



वाण निवडताना आपण जमिनीचा मगदूर, पाण्याची सोय आणि बाजारपेठ पाहतो. शेजाऱ्याच्या शेतात चांगले आले म्हणून तेच वाण कोणी डोळे झाकून पेरत नाही. गाडी घेताना मात्र हा विचार मागे पडतो. उसाचे किंवा कांद्याचे पैसे हाती येतात, घरात लग्न ठरते आणि गाडीची घाई होते. पुढे पाच वर्षे हप्ते फेडताना ठिबक, विहीर आणि मुलांचे शिक्षण यांना कात्री लागते. म्हणून गाडीचा निर्णयही पीक नियोजनासारखा कागदावर हिशेब मांडूनच घ्यावा.

1) जुनी गाडी खरोखर बदलायची का?

प्रथम वहीत गेल्या बारा महिन्यांचा दुरुस्ती, टायर, बॅटरी आणि विम्याचा खर्च लिहावा. गाडी बंद पडल्यामुळे किती दिवस अडले, भाड्याची गाडी किती वेळा करावी लागली, हेही लिहावे. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचा वर्षाचा घसारा आणि व्याज मांडावे. विम्याच्या हिशेबात 4 ते 5 वर्षे वयाच्या गाडीवर 50 टक्के घसारा धरतात. म्हणजे 9 लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत साधारण साडेचार लाख, वर्षाला 90 हजार रुपये घटतात. जुन्या गाडीची दुरुस्ती 30-40 हजारांत भागत असेल, तर केवळ पैशाच्या दृष्टीने ती ठेवणेच परवडते.

परंतु पैसा हा एकच निकष नाही. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चासी गंजून कमजोर झाली असेल, तर मोह सोडावा. आमच्या घरची जुनी जीप एका पावसाळी रात्री वडिलांना दवाखान्यात नेताना ओढ्याजवळ बंद पडली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने वेळ निभावली; पण त्या रात्रीचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता आला नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क 5,000 रुपये झाले, तर ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारीसाठी ते 10,000 रुपये करण्यात आले. हा खर्चही हिशेबात धरावा.

2) गरज ओळखा

पुढील प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून द्यावीत.

अ) वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत कच्चा रस्ता किती आहे आणि पावसाळ्यात तो कसा असतो?
आ) नेहमी किती माणसे बसतात? वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी सात आसनी गाडी घेऊ नये.
इ) वर्षाला किती किलोमीटर धाव होते?
ई) जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे?

लहान मोटारीची जमिनीपासूनची उंची साधारण 160 ते 170 मि.मी., तर एसयूव्हीची 180 ते 210 मि.मी. असते. चाकोरी खोल पडलेल्या रस्त्यावर हा फरक जाणवतो. मात्र काळ्या जमिनीच्या चिखलात नुसती उंची उपयोगी पडत नाही. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चारही चाकांना ताकद मिळते का, हे विचारून घ्यावे. तसेच उंच गाडीत चढताना आजी-आजोबांच्या गुडघ्यांना त्रास होतो का, तेही पाहावे.

3) इंधनाची निवड

डिझेल स्वस्त म्हणून डिझेल गाडी परवडते, हा समज नेहमीच खरा नसतो. समजा वर्षाची धाव 8,000 कि.मी. आहे. पेट्रोल 105 रुपये व डिझेल 92 रुपये लिटर धरू.

• लहान पेट्रोल मोटार, 18 कि.मी. प्रतिलिटर : सुमारे 46,700 रुपये
• डिझेल एसयूव्ही, 14 कि.मी. प्रतिलिटर : सुमारे 52,600 रुपये

शिवाय 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते. रोज दोन-चार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ती तुंबण्याची शक्यता असते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकीमुळे सामानाची जागा कमी होते, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते आणि पंप जवळ असावा लागतो.

4) किंमत व कर्ज

22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल वा सीएनजीवर 1,200 सी.सी. आणि डिझेलवर 1,500 सी.सी.पर्यंतच्या मोटारींवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर 40 टक्के जीएसटी आहे. काही एसयूव्हीही या लहान गटात बसतात, म्हणून लांबी व इंजिन आवर्जून पाहावे.

6 लाख रुपये कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, 5 वर्षे मुदत, असे धरल्यास हप्ता सुमारे 12,600 रुपये येतो आणि व्याजापोटी दीड लाखाहून अधिक रक्कम जाते. आपले उत्पन्न हंगामी, हप्ता मात्र महिन्याचा! काही बँका शेतकऱ्यांना सहामाही हप्ते देतात. त्याची चौकशी करावी. पीककर्जाची रक्कम गाडीकडे कदापि वळवू नये.

5) घेताना व विकताना घ्यावयाची काळजी

• चाचणीसाठी गाडी आपल्या शिवाररस्त्यावर, घरची माणसे बसवून चालवून पाहावी.
• भारत एनसीएपी ही सुरक्षा चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. निवडलेल्या गाडीला किती तारे मिळाले, ते विचारावे.
• जुन्या गाडीचा विमा दावा न केल्याची सवलत मालकाची असते. ती नव्या गाडीच्या विम्यात मागून घ्यावी.
• जुनी गाडी विकल्यावर नाव बदलल्याची खात्री करावी. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे.
• खासगी गाडीतून भाड्याने माल वाहू नये. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो.

थोडक्यात, रस्ता बरा, माणसे चार-पाच आणि धाव कमी असेल, तर लहान पेट्रोल मोटार पुरेशी आहे. कच्चा रस्ता लांब, माणसे जास्त आणि धाव मोठी असेल, तरच एसयूव्हीचा विचार करावा. गाडी दारात शोभावी हे खरे. पण तिच्यापायी शेताचा खर्च अडू नये, एवढे पाहून निर्णय घ्यावा.