मज्जातंतूंचे वेष्टन

आपल्या शरीरातील पुष्कळ मज्जातंतूंभोवती एक मेदयुक्त वेष्टन असते. त्यास १८५४ साली फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मायेलिन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मज्जाच! आम्हां भाषेच्या शिक्षकांस हा योगायोग मोठा गोड वाटतो.

या वेष्टनात थोड्या थोड्या अंतरावर बारीक फटी असतात. पांढुर्ण्याच्या लोहमार्गावरील जलद गाडी जशी लहान स्थानके टाळीत जाते, तसा मेंदूचा निरोप एका फटीवरून दुसरीवर झेपावतो. म्हणून वेष्टित तंतूत त्याचा वेग सेकंदास १०० मीटरपर्यंत जातो; उघड्या तंतूत तो १-२ मीटरच.

हे वेष्टन नासले तर काय होते, ते २०२५ च्या जानेवारीत पुण्याने पाहिले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलाँ-बारे विकाराचे रुग्ण आढळू लागले. पुढे पुणे भागातील संशयित रुग्णांची संख्या २०० वर गेली. कित्येकांस आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशय दूषित पाण्यावर होता. अशा जंतूशी लढताना शरीराची रक्षक शक्ती कधी स्वतःच्याच तंतूंवर उलटते. कोणाचे वेष्टन नासते, कोणाचा तंतूच. दुर्बलता बहुधा पायांपासून वर चढते. श्वासाचे स्नायू गळाले तर यंत्राने श्वास द्यावा लागतो. म्हणून जुलाबानंतर पाय लटपटू लागल्यास पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींनी उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बहुतेक रुग्ण सुधारतात. हातापायांच्या तंतूंभोवतीच्या पेशी नवे वेष्टन घालू शकतात. मात्र त्यास आठवडे, कधी महिनेही लागतात.