कितवीत आहे तुमचं मूल?

आईबाबांनो, घरातल्या आधीच्या पिढीचे शाळेचे जुने दाखले एकदा काढून बघा. पुष्कळांचा वाढदिवस १ जून निघेल. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की गुरुजी नाव पटावर घ्यायचे आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ठोकून द्यायचे. त्यातून मामलेदार झाले, डॉक्टर झाले, कुणाचं काही अडलं नाही. आता मात्र मूल चार दिवस उशिरा जन्मलं म्हणून त्याला पुढच्या वर्षी या म्हटलं, की पालकांचा चेहरा पडतो. "मॅडम, वर्ष वाया जाईल हो तिचं."

परदेशी बदली झाली की ही धास्ती दुप्पट होते. म्हणून जरा आकडेमोड करू. नोव्हेंबर २०१८ मध्ये जन्मलेली एक मुलगी घ्या. महाराष्ट्राची पहिलीच्या वयाची ३१ डिसेंबरची अट धरली, तर ती जून २०२४ मध्ये पहिलीत आणि जून २०२५ मध्ये दुसरीत. त्याच २०२५ मध्ये तिला टेक्सासला नेलंत, तर ती 'फर्स्ट ग्रेड'मध्ये बसेल, कारण तिथली तारीख १ सप्टेंबर आहे. जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात येतात, तिथेही ती पहिलीतच. फिनलंडमध्ये सात वर्षं पूर्ण होतात त्या वर्षी पहिली, म्हणजे तिथेही पहिली. इंग्लंडमध्ये 'इयर टू', पण त्याआधी रिसेप्शनचं एक वर्ष धरून तिचं ते शाळेतलं तिसरं वर्ष असेल. मुलगी तीच, उंची तीच, दुधाचे दात पडायला लागलेत तेही तेच. मग टेक्सासला गेल्यावर तिचं वाया गेलं ते नेमकं काय? आजूबाजूची सगळी मुलं तिच्याच वयाची आहेत!

तरीही "आमची दुसरीत होती, तिला दुसरीतच घ्या" म्हणून तिकडच्या शाळेत भांडणारे पालक असतात. असा हट्ट यशस्वी झाला, तर मूल वर्गातलं सगळ्यात धाकटं ठरतं, तेही परक्या भाषेत. धाकटेपण साधं नसतं. इंग्लंडमध्ये वर्गाची रेघ ३१ ऑगस्टला पडते. त्या दिवशी चार पूर्ण झालेलं मूल लगेच रिसेप्शनमध्ये जातं, दुसऱ्या दिवशी जन्मलेलं वर्षभर थांबतं. ऑगस्टची मुलं सरासरीने सप्टेंबरच्या मुलांपेक्षा मागे दिसतात, हे तिथे पुनःपुन्हा तपासलं गेलंय. अंतर वयाबरोबर कमी होतं. पण तोवर "लक्ष नसतं", "अक्षर वाईट" असे शेरे पडलेले असतात आणि मुलाने ते खरे मानलेले असतात. खरं तर तिथे शाळेची सक्ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून आहे, आणि एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांच्या पालकांना रिसेप्शन एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करता येते. आपल्याकडचा पालक मात्र वर्ष मागे ढकलण्याची विनंती करतो, हे माझं निरीक्षण.

सक्तीचं म्हणाल, तर आपला २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा आहे आणि त्यातली सक्ती आहे सरकारवर: शाळा द्यायची, मूल शाळेत येईल हे पाहायचं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर सक्ती आणली, गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडलं, तो झगडा शाळेचं तोंडही न पाहणाऱ्या मुलांसाठी होता. अडीच वर्षांच्या बाळाची मुलाखत घेणारी नर्सरी कुणीच सक्तीची केलेली नाही. ती घाई आपली आपण ओढवून घेतली.

उलट टोकाला 'फिनलंड बघा, सातव्या वर्षी शाळा' म्हणणारे. त्यांनाही सांगते, तिथे सहाव्या वर्षी पूर्वप्राथमिकचं एक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे, आणि त्याआधी चांगली पाळणाघरं. मुलं सात वर्षं नुसती घरी बसून नसतात. फ्रान्सने तर २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून सक्ती केलीय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याची सक्ती आठव्या वर्षी लागते. कुठलाही एक आकडा उचलून आपल्या घरात लावू नका.

जाण्याआधी शाळेला एवढंच विचारा: वयाची तारीख कोणती, सत्र कधी सुरू होतं, आणि मधेच आलेल्या मुलाला भाषेची काय मदत मिळते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक हाताशी ठेवा. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल, तर इथली दहावी कोणत्या साली येते ते आत्ताच मोजून ठेवा. त्यावरून तिकडचा वर्ग ठरवणं सोपं जातं. मुलाशीही आधी बोला. "तिकडे तुझ्या वयाची मुलं या वर्गात असतात" एवढं त्याला पुरतं. रडतो तो आपला चेहरा बघून.

आणि फ्रान्सला जाणार असाल, तर आजीआजोबांनाही विश्वासात घ्या. तिथे माध्यमिक शाळेत वर्ग उलटे मोजतात. पुण्यातल्या सहावीचा मुलगा तिथेही 'सहाव्या' वर्गातच बसेल, पण पुढच्या वर्षी 'पाचव्या'त, मग 'चौथ्या'त, आणि आपल्या अकरावीच्या वयात 'पहिल्या'त. फोनवर कुणी विचारलंच कितवीत आहे, तर सरळ वय सांगावं.