तापलेली काच आणि झिर्कोनियाचे पहारेकरी

पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला, की 'तड्' असा आवाज होतो आणि काच तडकते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रभर वापरात होते. पावसाळ्यात त्यांची काच जपणे हे घरातले एक कामच असे. थेंबाखालची काच एकदम निवते व आकसू पाहते, पण भोवतालची गरम काच तिला आकसू देत नाही. या ओढाताणीत एखादी सूक्ष्म भेग उघडते. काचेत अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसते, वाटेत अडवणारे काहीच नसते. त्यामुळे भेग थेट पलीकडे धावते.

मग भेगेच्या वाटेत अडथळे पेरले तर? १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी यांच्या भट्टीचे तापमान ६०० ऐवजी ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढले. आतली काच वितळून न जाता पांढरी झाली, आणि हातातून निसटून खाली पडली तरी फुटली नाही! तिच्या पोटात असंख्य बारीक स्फटिक तयार झाले होते. अशा पदार्थाला काच-सिरॅमिक म्हणतात. दुधाला विरजण लागते, तसे काचेत स्फटिक धरायलाही काहीतरी लागते. झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड, हे असेच एक विरजण आहे. पण त्याचा खरा गुण निराळाच आहे.

शुद्ध झिर्कोनियाच्या स्फटिकाची ठेवण साध्या तापमानाला 'एकनत' असते. सुमारे ११७० अंशांना ती 'चतुष्कोणीय' होते. परत निववताना पुन्हा एकनत होते आणि त्या वेळी स्फटिकाचे घनफळ ४ ते ५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे लांबीत सुमारे दीड टक्का वाढ. हे थोडे वाटते का? साध्या काचेची १ मीटर लांबीची सळई १०० अंशांनी तापवली, तर ती जेमतेम १ मिलिमीटरने वाढते. इथे मीटरमागे १५ मिलिमीटर! शुद्ध झिर्कोनियाची वीट भाजून निववली, की तिचे तुकडे होतात ते याचमुळे.

आता गंमत पाहा. हाच झिर्कोनिया अगदी बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कणांच्या रूपात काच-सिरॅमिकमध्ये बसवला, तर निवल्यावरही तो चतुष्कोणीयच राहू शकतो. गर्दीच्या एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा अंग चोरून बसतो, तसा. शेजारी जरा सरकला, की तो लगेच ऐसपैस होतो. भेगेचे टोक जवळ आले, की कणाभोवतीची पकड सैल होते. कण एकनत होऊन फुगतो आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. ही युक्ती गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ साली मांडली. आपल्या लेखाला त्यांनी 'सिरॅमिक पोलाद?' असे नाव दिले होते. त्यातले प्रश्नचिन्ह मला फार आवडते.

कारण असा पदार्थ पुन्हा भट्टीत घातला, की पहारा ढिला पडू लागतो. तापमान जसजसे चढेल, तसतशी कणाची फुगण्याची ओढ कमी होते. ११७० अंशांच्या पुढे चतुष्कोणीय हीच त्याची स्वाभाविक ठेवण असल्याने तो भेग आली तरी ढिम्म राहतो. शिवाय उरलेली काच मऊ होते. अणू तिच्यातून हिंडू लागतात, लहान कण विरघळतात आणि मोठे त्यांच्या जिवावर आणखी मोठे होतात. वाजवीपेक्षा मोठा झालेला कण निवताना आपल्या जागी राहत नाही. भेगेची वाट न पाहता तो आधीच फुगतो, आणि स्वतःभोवती केसासारख्या चिरा पाडतो. पहारेकरीच घर फोडतो म्हणा ना!

चौथी गोष्ट रासायनिक आहे. काचेतल्या सिलिकाशी झिर्कोनियाचा संयोग होऊन झिरकॉन बनते. झिरकॉन तुमच्या ओळखीचे असू शकेल: काही फौंड्र्यांत साच्याच्या आतून ज्या पुडीचा लेप देतात ती हीच, केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत ते सापडते. ते उष्णतेला उत्तम टिकते, पण फुगून भेग अडवणे त्याला जमत नाही. जितका झिर्कोनिया झिरकॉनमध्ये गेला, तितके पहारेकरी कमी.

म्हणून कारागिराला तापमानाइतकेच घड्याळाकडेही पाहावे लागते. कणांचे किती झाले आणि काय झाले, हे डोळ्यांना दिसत नाही. नमुन्यावर क्ष-किरण सोडतात. एकनत, चतुष्कोणीय आणि झिरकॉन हे तिन्ही ते किरण वेगवेगळ्या कोनांत वळवतात. त्या कोनांवरून कोण किती उरले, ते मोजता येते.